हातमोजा कधी घालायचा, कधी काढायचा : त्वचारोग विभागातलं परिचारिकेचं काम



आजचा विषय ठरला तेव्हा आमच्याच रुग्णालयातल्या, मेडिसिनच्या वॉर्डात काम करणाऱ्या एका सिस्टर म्हणाल्या, “स्किनमध्ये काय असतं बोलण्यासारखं? मलम लावायचं आणि घरी पाठवायचं.” आणि घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंचा प्रश्न अगदी उलटा होता. “अगं, रोज तसल्या लोकांना हात लावतेस, तुला काही होणार नाही ना?”

म्हणजे एकाला वाटतं इथं काम नाही, दुसऱ्याला वाटतं इथं धोकाच धोका आहे. आमच्या विभागाबद्दल बोलताना लोक या दोन टोकांपैकी एका टोकावर उभे असतात. आज त्यांच्या मधल्या भागाबद्दल बोलू. ‘आम्ही’ म्हणताना आमच्याबरोबर आमच्या सगळ्या सिस्टर, ब्रदर, आणि ज्यांच्याशिवाय एकही ड्रेसिंग होत नाही ते वॉर्डातले मामा-मावशी आहेत, असं धरा.

सरकारी कागदावर आमचं पद ‘अधिपरिचारिका’. रुग्णांच्या तोंडी मात्र ‘सिस्टर’, नाहीतर ‘ताई’. विभागाच्या पाटीवर तीन शब्द असतात : त्वचारोग, गुप्तरोग, कुष्ठरोग. यातला एक शब्द तरी असा आहे की तो वाचून माणूस दारापाशी घुटमळतो, इकडेतिकडे बघतो, आणि मग आत येतो. आमचं काम तिथूनच सुरू होतं.

भिंत पडते तेव्हा

आधी ‘इथं काम नसतं’ या म्हणण्याकडे बघू.

त्वचा म्हणजे शरीराची बाहेरची भिंत. मोठ्या माणसाची त्वचा पसरली तर साधारण दीड ते दोन चौरस मीटर भरते. ही भिंत आतलं पाणी आत ठेवते, ऊब टिकवते, जंतू बाहेर ठेवते, आणि काय गरम, काय टोचतंय याची खबर देते. ही चारही कामं ती न बोलता करत असते, म्हणून आपल्याला ती कामं वाटतच नाहीत.

आता अशी कल्पना करा की काही दिवसांत ही भिंतच सुटून आली. टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस नावाचा आजार आहे, आम्ही ‘टेन’ म्हणतो. बहुतेक वेळा तो औषधाच्या रिॲक्शनमुळे होतो. फिटच्या काही गोळ्या, गाऊटसाठीचं ॲलोप्युरिनॉल, सल्फाची औषधं, काही वेदनाशामकं. हे होणारे रुग्ण फार थोडे, पण होतं तेव्हा अंगाची साल भाजल्यासारखी सुटते. अंगाच्या ३० टक्क्यांहून जास्त भागाची कातडी सुटली की त्याला टेन म्हणतात. दर तीन-चार रुग्णांमागे एक जण दगावतो, इतका हा आजार गंभीर आहे.

अशा रुग्णाला बरं करणारी एखादी जादूची सुई नाही. संशय असलेलं औषध ताबडतोब बंद करणं ही पहिली गोष्ट. बाकीचे उपचार डॉक्टर ठरवतात. पण नवी कातडी येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे त्या भिंतीची चारही कामं कुणीतरी हातानं करावी लागतात. ती आम्ही करतो.

पाणी झिरपून जातं, म्हणून तासागणिक हिशेब : सलाईन किती गेलं, तोंडावाटे किती, लघवी किती झाली. ऊब टिकत नाही, म्हणून खोली गरम ठेवायची, पंखा बंद. उन्हाळ्यात त्या खोलीत काम करताना आमचा ॲप्रन घामानं भिजतो आणि रुग्ण मात्र कुडकुडत असतो. जंतू आत येऊ नयेत म्हणून निर्जंतुक हातमोजे, निर्जंतुक चादर, भेटायला एका वेळी एकच नातेवाईक.

आणि चिकटपट्टी अंगाला लावायची नाही. हे ऐकायला छोटं वाटतं. पण सलाईनची सुई बसवली की हात आपोआप पट्टीकडे जातो. इथं पट्टी काढताना कातडीच निघून येईल, म्हणून सुई नुसत्या बँडेजनं गुंडाळून धरायची. रुग्णाला कुशीवर वळवताना ओढायचं नाही, चौघांनी चादरीसकट उचलायचं. डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब, नाहीतर पापण्या बुबुळाला चिकटतात. रुग्ण जगतो आणि दृष्टी जाते, असं होऊ शकतं. रात्री तीन वाजताचा थेंब चुकवायचा नाही, तो यासाठी.

ड्रेसिंगला आम्ही काय वापरतो, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते : केळीचं पान. पान स्वच्छ धुऊन, मधला दांडा काढून, कापडी पट्टीवर बसवून ऑटोक्लेव्हमध्ये वाफेनं निर्जंतुक करायचं आणि गुळगुळीत बाजू जखमेवर ठेवायची. पानाला मेणासारखा थर असतो, त्यामुळं ते जखमेला चिकटत नाही. बदलताना रुग्ण ओरडत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर याचा पद्धतशीर अभ्यास करून तो २००३ च्या सुमाराला प्रसिद्ध केला होता. आपण ज्या पानावर जेवतो, त्याच पानावर आमचा रुग्ण झोपतो.

इथं तुमच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. नवीन औषध सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत, विशेषतः पहिल्या चार आठवड्यांत, ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड आणि अंगावर दुखणारे लाल चट्टे असं एकत्र दिसलं, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सब्जाचं पाणी पीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. आणि यातून बरा झालेला माणूस घरी जाताना आम्ही त्याला एक कार्ड देतो, त्यावर त्या औषधाचं नाव असतं. ते कार्ड पाकिटात नोटांच्या शेजारी ठेवा. तेच औषध आयुष्यात परत पोटात जाता कामा नये.

ट्यूब किती दिवस पुरली?

आता ओपीडीत येऊ. सकाळी नऊला केसपेपरची रांग बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेलेली असते. डॉक्टरांना एका रुग्णामागे काही मिनिटंच मिळतात. ते लिहितात : ‘मलम, दिवसातून दोनदा’. हे तीन शब्द रुग्णाच्या घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, हे बघणं आमच्याकडे येतं.

सोरायसिसचे एक काका महिन्यानं आले. चट्टे तसेच. केसपेपरवर ‘औषध लागू पडत नाही, पुढचं औषध द्यावं का’ असा विचार सुरू झाला. आम्ही विचारलं, “काका, ट्यूब किती दिवस पुरली?” ते अभिमानानं म्हणाले, “अजून आहे की! महिनाभर पुरवली.”

आता हिशेब बघा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढली, तर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. ब्रिटनमधल्या लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी १९९१ मध्ये हे माप मांडलं. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटांसकट. एका पूर्ण हाताला, खांद्यापासून बोटांपर्यंत, अशा चार रेघा लागतात. म्हणजे दोन ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर चार ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब एका हाताला चार दिवसही पुरत नाही. आणि काकांचे दोन्ही हात, दोन्ही गुडघे, पाठ, सगळीकडे चट्टे.

काकांचं औषध फसलं नव्हतं. औषध लागलंच नव्हतं. पण त्यांना बोल लावून उपयोग नाही. मोफत खिडकीवर त्यांना एकच ट्यूब मिळाली होती आणि बाहेरून विकत घेण्याची ऐपत नव्हती. मग आम्ही केसपेपर घेऊन परत डॉक्टरांकडे जातो, लागेल तेवढ्या ट्यूब लिहून घेतो, खिडकीवर बोलतो. नंतर काकांना स्टुलावर बसवून त्यांच्याच बोटावर रेघ काढून दाखवतो. आमच्या विभागात ‘कसं लावायचं’ हे तोंडी सांगत नाहीत, लावून दाखवतात. यात चार मिनिटं जातात. ती वाचवली तर पुढचे सहा महिने वाया जातात.

उलट गोष्टही होते, आणि ती जास्त घातक. गजकर्ण, म्हणजे आपण ज्याला नायटा म्हणतो तो. माणूस आधी मेडिकलच्या दुकानात जातो. तिथं स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असलेली ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज थांबते. माणूस खूश. पण स्टेरॉइडनं खाज दबली, बुरशी नाही. ती आतल्या आत पसरते. सहा महिन्यांनी आमच्याकडे येतो तेव्हा कंबरेपासून मांड्यांपर्यंत गजकर्ण, आणि जांघेत कायमच्या चिरा. हीच गोष्ट चेहऱ्यावर गोरं होण्यासाठी लावलेल्या क्रीमची. सोडलं की चेहरा लाल होतो, आग होते, म्हणून परत लावलं जातं. आम्ही याला सवय लागलेली कातडी म्हणतो. २०१८ मध्ये सरकारनं त्वचेला लावायची अनेक स्टेरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ट्यूब मिळतेच.

म्हणून आम्ही प्रत्येक नव्या रुग्णाला सांगतो, “घरात जे जे लावता ते सगळं पिशवीत घालून आणा. रागावणार नाही.” शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. रागावलं की पुढच्या वेळी पिशवी येत नाही.

तिसरं उदाहरण खरजेचं. घरात सहा माणसं, खाजतंय तिघांना, ट्यूब एक. ज्याला जास्त खाजतं तो लावतो. पंधरा दिवसांनी सगळे पुन्हा हजर. खरजेचा किडा ‘तुला खाजत नाही ना’ असं विचारून येत नाही. लागण झाल्यावर खाज सुरू व्हायलाच काही आठवडे लागू शकतात. म्हणून परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली लावायचं, आठ ते बारा तास ठेवायचं, आणि एका आठवड्यानं परत. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण तीस ग्रॅम लागतं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवायचं, माणसाच्या अंगाबाहेर किडा त्याहून जास्त जगत नाही. आणि नंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, ती औषध हरलं म्हणून नाही. हे आधी सांगितलं नाही तर लोक रोज मलम लावत बसतात आणि कातडी पोळून घेतात.

न दुखणारी जखम

आता तिसरा शब्द, पाटीवरचा : कुष्ठरोग.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय १८९० सालचं. अमरावतीचं डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन, ही नावं शाळेत ऐकलेली असतात. त्यामुळं अनेकांना वाटतं की हे सगळं जुन्या काळातलं. त्यात २००५ च्या अखेरीला देशपातळीवर दर दहा हजारांमागे रुग्ण एकापेक्षा कमी झाले आणि ‘निर्मूलन’ झाल्याचं जाहीर झालं. लोकांनी निर्मूलनाचा अर्थ ‘संपला’ असा घेतला. तो अर्थ नव्हता. आजही भारतात दरवर्षी साधारण एक लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त.

उपचार उत्तम आहेत आणि मोफत आहेत. गोळ्यांची पाकिटं, प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने. महिन्याचा पहिला डोस आमच्या समोर घ्यायचा. रिफॅम्पिसिननं लघवी लाल होते, क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते. हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर लाल लघवी बघून माणूस घाबरून गोळ्या सोडतो. ‘काळा पडलो, लोक विचारतात’ म्हणूनही सोडतो.

पण गोळ्या जंतू मारतात, मज्जातंतू वाचवतीलच असं नाही. उपचार चालू असताना, कधी संपल्यावरही, शरीराची मेलेल्या जंतूंवर प्रतिक्रिया येते, त्याला रिॲक्शन म्हणतात. कोपरापाशी, गुडघ्याच्या बाजूला मज्जातंतू सुजतो. बोटातली ताकद जाते, तळव्याची जाणीव जाते. हे लवकर ओळखून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या तर ताकद परत येऊ शकते. सहा महिन्यांहून जास्त काळ गेला तर सहसा येत नाही.

इथं आमची स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. शेतमजुरी करणारे एक दादा दर महिन्याला न चुकता पाकीट न्यायला यायचे. आम्ही दर वेळी विचारायचो, “गोळ्या चुकल्या नाहीत ना?” ते म्हणायचे, “नाही.” आम्ही रजिस्टरवर टिक करायचो. सहाव्या महिन्यात त्यांनी पाकीट घ्यायला हात पुढं केला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट वाकलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाले, “दोन महिने झाले, विळा नीट धरता येत नाही.” आम्ही म्हटलं, “मग सांगितलं का नाही?” ते म्हणाले, “सिस्टर, तुम्ही गोळ्यांचंच विचारत होता.”

रजिस्टर पूर्ण होतं. हात कुणी बघितला नव्हता.

त्यांची ताकद उपचारानं काही प्रमाणात परत आली, पूर्ण नाही. तेव्हापासून आमच्या विभागात नियम आहे : आधी हात, मग पाकीट. टेबलाला दोरीनं एक साधं बॉलपेन बांधलेलं आहे. रुग्णानं डोळे मिटायचे, आम्ही तळहाताला, तळपायाला पेनानं हलकं टेकवायचं, त्यानं बोट ठेवून दाखवायचं कुठं टेकलं ते. मग ‘करंगळी बाहेर काढा, माझ्या बोटाला ढकला’, ‘अंगठा वर’, ‘मनगट वर’, ‘पाऊल वर’, ‘डोळे घट्ट मिटा’. पाच मिनिटं. आधीच्या महिन्यापेक्षा एक जागा जरी बधिर झाली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांसमोर.

ज्यांची जाणीव गेलेली आहे, त्यांना शिकवायचं ते वेगळं. आपल्याला काटा रुतला की आपण थांबतो. त्यांना दुखत नाही, म्हणून ते चालत राहतात आणि जखम हाडापर्यंत जाते. दुखणं ही शिक्षा नसते, राखण असते, हे या रुग्णांकडे बघून कळतं. जे काम दुखण्यानं करायचं ते डोळ्यांनी करायला शिकवायचं. रोज रात्री तळपाय उजेडात बघायचे, जमत नसेल तर आरसा घ्यायचा किंवा घरच्यांना बघायला सांगायचं. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय बुडवायचे, जाड कातडी हळू घासायची, ओलसर असतानाच तेल लावायचं. चहाचा कप फडक्यानं धरायचा. मऊ रबराची एमसीआर चप्पल मोफत मिळते, ती घरातही घालायची. मधुमेहामुळं पाय बधिर झालेल्यांनाही हेच सगळं लागू आहे, हे इथं बसलेल्या अनेकांसाठी सांगतो.

तर, हातमोजा

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. तुम्हाला लागण होत नाही का?

सरळ उत्तर असं. सोरायसिस, कोड, इसब हे हात लावून पसरत नाहीत. तिथं हातमोज्याची गरज नाही. कुष्ठरोगाच्या जंतूंशी बहुतेकांचं शरीर स्वतःच लढू शकतं, आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णाकडून लागण होण्याची शक्यता लवकरच जवळजवळ उरत नाही. त्याचा हात तपासायला हातमोजा लागत नाही, उलट हातमोज्यातून कातडीचा कोरडेपणा, ऊब, मज्जातंतूची जाडी नीट कळत नाही. खरूज लागते, तिथं हातमोजे घालायचे. उघडी जखम, रक्त, पू, सुई असेल तिथं घालायचेच, आणि तिथं ते आमच्याइतकेच रुग्णाच्याही रक्षणासाठी असतात. ‘टेन’च्या रुग्णाला आमच्यापासून धोका असतो, आम्हाला त्याच्यापासून नाही.

म्हणजे ‘सगळीकडे घाला’ हे अज्ञान आणि ‘कुठंच नको’ हा निष्काळजीपणा. कुठं घालायचा आणि कुठं काढायचा हे ओळखणं, हे आमचं शिक्षण.

याला इतकं महत्त्व का? कारण रुग्ण आमच्या हातांकडे बघत असतो. कोड असलेली एक मुलगी आईबरोबर आली होती. आम्ही तिचा हात उघड्या हातानं धरून डाग मोजत होतो. आई म्हणाली, “ताई, घरी हिचं ताट वेगळं ठेवतात.” आम्ही काही भाषण दिलं नाही. हात धरून ठेवला आणि म्हटलं, “हे बघा, आम्ही धरलाय. ताट एकत्र करा.” केसपेपरवर यासाठी रकाना नसतो.

सेवाग्रामला परचुरे शास्त्री नावाचे कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित राहत होते आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. त्या काळी प्रभावी औषध हाती नव्हतं. तेव्हा जो स्पर्श करायला धैर्य लागत होतं, तो आज करायला फक्त माहिती लागते. गांधीजींच्या पुण्यतिथीला, ३० जानेवारीला सुरू होणाऱ्या सरकारच्या कुष्ठरोग जनजागृती मोहिमेचं नावच ‘स्पर्श’ आहे. आणि तरीही २०१९ पर्यंत कुष्ठरोग हे आपल्या विवाहकायद्यांत घटस्फोटाचं एक कारण होतं. कायद्यातून ते गेलं. घरातून जायला किती वेळ लागतो, हे आमच्या दारापाशी घुटमळणारा माणूस रोज सांगतो.

तेव्हा जाताना एवढंच न्या. मलम आणलंत तर किती दिवस पुरलं ते मोजा. घरात कुणाच्या अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर दाखवायला आणा, लपवू नका. आणि आमच्या ओपीडीबाहेर कुणी घुटमळताना दिसलं, तर त्याच्या बाकावर थोडं सरकून जागा करून द्या. पुढचं आम्ही बघतो.